मदत हवी आहे: फेरारी ५१२ आणि ४१२, सीसी तेवढेच मग आकडे वेगळे का?

मंडळी, जुन्या फेरारींच्या आकड्यांचा एक गुंता सुटत नाहीये.

मूळ नियम सोपा: आकडा म्हणजे एका सिलिंडरचे सीसी. २५० मॉडेलला १२ सिलिंडर, म्हणून २५० ला बाराने गुणा, झाले तीन लिटर. फेरारीच्याच डिनो नावाच्या गाड्यांची पद्धत वेगळी: २४६ म्हणजे २.४ लिटर, ६ सिलिंडर. इथवर ठीक. (२५० एलएम बहुतेक ३.३ लिटरच्याच निघाल्या, म्हणजे हिशेबाने २७५. पण ती शर्यतीच्या मान्यतेसाठीची चलाखी, तो वाद इथे नको.)

खरा घोळ १९७६ चा. त्या वर्षीची ४०० जुन्या नियमाने: ४.८ लिटर भागिले बारा. त्याच वर्षीची ५१२ बीबी मात्र डिनोच्या पद्धतीने: ५ लिटर, १२ सिलिंडर. आणि १९८५ ची ४१२? तिचेही सीसी ५१२ बीबीइतकेच, ४९४३! पण आकडा पुन्हा जुन्या नियमाने, भागिले बारा.

इंजिन मागे असलेल्या गाड्यांना नवी पद्धत, असं म्हणावं तर आधीची ३६५ जीटी४ बीबी आडवी येते: इंजिन मागेच, पण आकडा जुन्या नियमाचा. ५१२ बीबीला १९७० च्या शर्यतीतल्या ५१२ एसचं नाव मिरवायचं असेल, असा माझा कयास.

कंपनीच्या माहितीपत्रकात किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये याचं कारण कुणी वाचलंय का? पानाचा फोटो टाकलात तर फारच उत्तम.