रोज खिशात ठेवायला घडीचा चाकू, बजेट २०००: कोणता घ्यावा?

वाशिष्ठीकाठ

रोज जवळ बाळगायला एक घडीचा चाकू हवा आहे. कामे साधीच आहेत: कुरियरची खोकी, सुतळी, बारदानाची शिवण, पेरू-आंबा कापणे आणि अधूनमधून ठिबकची १६ मिमीची नळी. राहणे चिपळूणला, त्यामुळे पावसाळ्याचे चार महिने खिशातले सगळेच दमट असते. बजेट २०००, फार तर २५००.

ऑनलाइन तीन प्रकार समोर येतात. काळ्या पात्याचे, जाड, क्लिपवाले चाकू, ज्यांच्यावर ‘सर्जिकल स्टील’ लिहिलेले असते. दुसरा लाकडी मुठीचा ओपिनेल. तिसरे व्हिक्टोरिनॉक्सचे लहान चाकू. लॉक असलेलाच घ्यावा का? गंजाचे काय? आणि असा चाकू खिशात ठेवणे कायद्यात बसते ना?

पाते_आणि_मूठ

आधी पात्याची जाडी बघा, बाकी सगळे नंतर. तुमच्या यादीतल्या प्रत्येक कामाला पातळ पाते लागते. ओपिनेल ८ नंबरचे पाते जेमतेम पावणेदोन मिमी जाड असते आणि पाठीपासून धारेपर्यंत सरळ निमुळते होत जाते. काळे ‘टॅक्टिकल’ चाकू साडेतीन-चार मिमीचे असतात आणि धारेच्या मागेही जाडच राहतात. त्याने पेरू कापायला गेलात तर तो कापला जात नाही, फाटतो. जाड पुठ्ठ्यात पाते अर्ध्यावर अडकते, मग आपण जोर लावतो आणि हात घसरतो. बहुतेक जखमा अशाच होतात.

‘सर्जिकल स्टील’ हे कोणत्याही ठरावीक पोलादाचे नाव नाही. स्वस्त चाकूंत त्या नावाखाली बहुधा ४२०जे२ किंवा ३सीआर१३ असते. त्यात कार्बन ०.३ टक्क्यांच्या आसपास, म्हणून गंज कमी पण धार दोन-चार खोक्यांत जाते. (पुठ्ठा दिसतो मऊ, पण धार खाण्यात सुतळीपेक्षा वाईट.) पोलादाचे नाव स्पष्ट लिहिलेले नसेल तर तो चाकू सोडून द्या. १२सी२७, १४सी२८एन, ८सीआर१३एमओव्ही ही नावे दिसली तर या किमतीत चांगला माल आहे असे समजा.

लॉकचा प्रश्न. तुमची सगळी कामे ओढून किंवा खाली दाबून कापण्याची आहेत. त्यात जोर धारेकडून पाठीकडे जातो, म्हणजे पाते उघडेच राहते. पाते बोटांवर मिटते ते दोन वेळा: टोक खुपसताना आणि अडकलेले पाते हिसकून बाहेर काढताना. या दोन सवयी नसतील तर लॉक नसलेला, नुसत्या पाठीच्या स्प्रिंगवर उभा राहणारा चाकू पुरतो.

माझे मत: व्हिक्टोरिनॉक्स कॅडेट, ८४ मिमी (मिटल्यावरची लांबी), ॲल्युमिनियमच्या मुठीचा. खिशात आहे हे जाणवत नाही. बजेटात बसला नाही तर स्पार्टन, ९१ मिमी. ५८ मिमीचा क्लासिक किल्ल्यांना लावायला छान, पण पाते साडेतीन सेंमीचे; आंबा त्याने नीट कापून होत नाही.

हर्णैबंदर

पाते_आणि_मूठ यांच्याशी सहमत, फक्त किनाऱ्यावरच्या माणसासाठी थोडी भर.

ओपिनेल दोन पोलादांत येतो. कार्बनचा एक्ससी९० आणि स्टेनलेसचा १२सी२७. दोन्ही मुठी सारख्याच दिसतात, म्हणून मागवताना ‘इनॉक्स’ लिहिलेले आहे ना ते पाहा; तो स्टेनलेस. कार्बनचे पाते दगडावर पटकन लागते हे खरे, पण कैरी, लिंबू, कोकम यांनी ते लगेच काळे पडते. तो काळा थर निरुपद्रवी, पण खाऱ्या हवेत त्याच्याखालून तांबूस ठिपके उठतात आणि फळाला लोखंडाची चव लागते. कोकणात रोजच्या खिशाला कार्बन नको.

डी२ पोलादाचे चिनी चाकूही या किमतीच्या जवळपास मिळतात आणि लोक धारेसाठी त्यांची तारीफ करतात. धार खरोखर टिकते. पण गंज रोखणारे क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असूनही त्यातले बरेचसे कार्बाइडमध्ये (कार्बनशी बांधल्या गेलेल्या कठीण कणांत) अडकलेले असते, त्यामुळे ते पुरते स्टेनलेस नव्हे. घामाच्या खिशात ठेवले तर ठिपके पडतात. शिवाय साध्या दगडावर धार लावताना घाम फुटतो.

तेलाबद्दल: सांध्यात खोबरेल घालू नका. थंडीत थिजते, एरवी चिकट होऊन धूळ धरते. शिलाई मशीनचे तेल सांध्याला उत्तम, पण फळे कापायची असतील तर मेडिकलमध्ये मिळणारे लिक्विड पॅराफिन घ्या. सांध्यात एक थेंब, पाते चार वेळा उघडमीट, बाहेर आलेले काळे पुसून टाका. फळ कापल्यावर पाते धुऊन उघडे वाळवा. ओले पाते मिटले की गंज आतून, जिथे दिसत नाही तिथून सुरू होतो.

बांधावरून

कायद्याचे सांगतो, कारण यात ऐकीव माहितीच फार फिरते.

शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत धारदार हत्यारांच्या वर्गात येतात ती ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पाती, आणि त्यातूनही घरगुती, शेती, शास्त्रीय व औद्योगिक वापराची वगळलेली आहेत. तीन इंचांचा फळ कापायचा चाकू त्यात येत नाही.

पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली सण, मोर्चे, निवडणुका अशा वेळी मनाई आदेश निघतात. त्यात काठ्या, सुरे, चाकू, इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगायला बंदी असते. आदेश लागू असताना, विशेषतः गर्दीच्या ठिकाणी, चाकू घरी ठेवा.

खटक्याचा, म्हणजे बटण दाबताच पाते उडून उघडणारा चाकू घेऊच नका. तुमच्या एकाही कामाला त्याची गरज नाही, आणि झडतीत पहिला संशय त्यावरच येतो. दिल्लीत तर १९८० च्या अधिसूचनेनुसार ७.६२ सेंमी किंवा अधिक लांब आणि १.७२ सेंमी किंवा अधिक रुंद पात्याच्या बटनदार, गरारीदार (दातेरी खटक्यावर उघडणाऱ्या) चाकूंवर वेगळे निर्बंध आहेत. काळ्या पात्याचा, दातेरी, क्लिपवाला चाकू दिसतोच हत्यारासारखा. लाल मुठीचा ओपनरवाला चाकू टेबलावर ठेवला तर समोरचा बिचकत नाही. हा फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे.

विमानाला जाताना चाकू चेक-इन बॅगेत टाका. केबिन बॅगेत सापडला तर जप्त होतो.

ठिबकच्या नळीबद्दल: नळी हातात धरून कापू नका. लाकडाच्या तुकड्यावर ठेवून पाते सरळ खाली दाबा. काप तिरका गेला तर जॉइनर पूर्ण बसत नाही आणि तिथून पाणी गळते. पीव्हीसी पाइपला मात्र चाकू लावू नका, हॅकसॉ वापरा.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे आभार, बरेच स्पष्ट झाले. कॅडेट आणि ओपिनेल इनॉक्स यांत अडकलोय. ओपिनेलचे लाकूड पावसात फुगते असे वाचले, ते खरे का? आणि धार घरी लावता येईल ना? इथे सायकलच्या चाकावर धार लावणारा येतो, त्याच्याकडे दिली तर?

हर्णैबंदर

फुगते, खरे आहे. बीच लाकूड पाणी पिते, पात्याची खाच आवळते आणि पाते नखाने निघत नाही. ओपिनेल जिथला, त्या फ्रान्सच्या साव्हॉय भागातली जुनी युक्ती अशी: मुठीचा मागचा गोल टोकाचा भाग टेबलाच्या कडेवर ठोकायचा, पात्याचे टोक थोडे वर येते, मग चिमटीत धरून उघडायचे. पण त्याआधी पात्याच्या बुडाशी असलेली लॉकची कडी फिरवून लॉक सुटलेले आहे ना ते बघा. ती कडी १९५५ पासूनची, आणि ६ नंबरपासून पुढच्या चाकूंनाच असते.

कायमचा उपाय उन्हाळ्यात करायचा. मूठ चांगली वाळली की २२० नंबरचा पॉलिश पेपर घडी करून खाचेच्या दोन्ही भिंतींवर हलका फिरवा. पोस्टकार्डाच्या जाडीएवढीच मोकळीक हवी, जास्त घासलेत तर पाते लडबडते. मग जवसाचे कच्चे तेल सांध्याजवळच्या लाकडात मुरवा, तासाभराने जादा पुसा, आठवडाभर वाळू द्या. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

एवढे करूनही जुलैत थोडा आवळेलच. चिपळूणसाठी माझेही मत कॅडेटला.

पाते_आणि_मूठ

चाकावर अजिबात देऊ नका. पातळ धार कोरड्या चाकावर क्षणात तापते. कडेला निळी झाक आली की पात्याचे पाणी उतरले, म्हणजे कडकपणा गेला, मग तेवढा भाग घासून काढेपर्यंत धार टिकत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड मिळतो. धारेला खाचे नसतील तर जाड बाजूला हात लावायची गरज नाही. शक्य असल्यास वर १००० ग्रिटचा (बारीक कणांचा) एक दगड घ्या. दगड पाण्यात दहा मिनिटे भिजवा. धारेच्या दोन्ही अंगांना मार्करने रेघ काढा. पाते १५ मिमी रुंद असेल तर पाठ दगडापासून ५ मिमी वर धरली की कोन २० अंशांच्या आसपास येतो. चार-पाच वेळा घासून बघा: शाई फक्त वरची, पाठीकडची गेली तर पाठ जरा उचला, फक्त धारेच्या कडेची गेली तर खाली आणा. एका अंगाने इतके घासायचे की दुसऱ्या अंगाला पूर्ण लांबीभर बारीक तार उठलेली बोटाला लागेल (बोट धारेपासून बाहेरच्या दिशेने फिरवा). मग बाजू बदला. शेवटी दाब कमी करत आलटून पालटून घासा आणि जुन्या चामड्याच्या पट्ट्याच्या खरबरीत बाजूवर पाते पाठीच्या दिशेने ओढा. बहुतेक लोक तार पुरती उठण्याआधीच बाजू बदलतात, म्हणून ‘घरी धार येत नाही’ म्हणतात.

व्हिक्टोरिनॉक्सचे पोलाद ५६ एचआरसीच्या (कडकपणाचे माप) आसपास, मऊसरच. धार पाच मिनिटांत लागते, पण वारंवार लावावी लागते.

घेताना नकलेपासून जपा. मोठ्या पात्याच्या बुडाशी कंपनीचे नाव आणि ‘स्विस मेड’ कोरलेले हवे. पाते उघडताना स्प्रिंगचा दाब एकसारखा लागला पाहिजे, शेवटी टणत्कार हवा. उजेडासमोर धरला तर स्प्रिंग आणि पत्र्यांमधून फट दिसता कामा नये.

बांधावरून

आणि कुणाला क्लिपवाला, लायनर लॉकचाच (मुठीतली पत्ती सरकून पाते अडवते तो) हवा असेल तर हातात आल्यावर हे तपासा. उघडल्यावर आतली पत्ती पात्याच्या बुडाचा किमान पाव भाग धरते का बघा. नुसती कडेला टेकली असेल तर सुटेल. पार पलीकडे गेली असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही. बोटे पात्याच्या वाटेतून काढून पाठ टेबलाच्या कडेवर हळूहळू दाबा. पाठीवर आपटून बघायचा सल्ला व्हिडिओंत देतात, तो मानू नका. चांगले लॉकही त्याने खराब होते. पाते वर-खाली हलले तर परत करा. डावी-उजवीकडे हलले तर सांध्याचा स्क्रू ढिला आहे, बहुधा टी८ टॉर्क्सचा (चांदणीच्या आकाराच्या खाचेचा) असतो. पाव फेरा आवळा. पुन्हा ढिला झाला तर काढून तेल पुसा, निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) टाचणीच्या डोक्याएवढा थेंब लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. लाल थ्रेडलॉकर वापरू नका, स्क्रूचे तोंड झिजेल पण तो सुटणार नाही. शेवटी चाकू मिटून, पात्याची बाजू जमिनीकडे करून जोरात झटका द्या. पाते जरा जरी बाहेर आले तर तो चाकू खिशात ठेवण्याजोगा नाही.