डोळ्यांचं काय?

गाओकाओचा, म्हणजे चीनमधल्या कॉलेज प्रवेश परीक्षेचा, ताण म्हणजे अपुरी झोप आणि नैराश्य, एवढंच इथल्या चर्चेत आलंय. ते खरंच आहे, पण डोळे राहिले. २०१८च्या सरकारी पाहणीत चीनमधल्या निम्म्याहून जास्त शाळकरी मुलांना लांबचं धूसर दिसत होतं, वरच्या वर्गांत तर दहातल्या आठांना. वुहानच्या एका शाळेत मुलं वहीवर वाकू नयेत म्हणून बाकांना आडवे लोखंडी दांडे लावले होते. हद्द आहे! खरी मेख दिवसाच्या उजेडात आहे, अभ्यासापायी घरात कोंडलेल्या मुलांना तो कमी मिळतो. ग्वांगझोमध्ये पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३० टक्क्यांना चष्म्याचा नंबर लागला, बाकीच्या शाळांत ४० टक्क्यांना. २०२१मध्ये सरकारने क्लासवाल्यांवर बडगा उगारला, पण गाओकाओ जागच्या जागीच. मग पोरं मैदानावर जाणार कधी?