छापखान्याचा जुना डेस्कटॉप: पेजमेकर, फॉन्ट सगळं तसंच ठेवून एसएसडीवर न्यायचंय

जुळारी_मिरज

नमस्कार मंडळी. मिरजेत आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका आणि दरवर्षी एक दिवाळी अंक. कामाचा मुख्य संगणक २०१४ चा आहे: आय३ ४१३०, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७ (३२ बिट). त्यावर पानं जुळवायला पेजमेकर ७, चित्रांना कोरल, श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर; यूएसबीत लावायच्या किल्लीवर, म्हणजे डोंगलवर, चालणारं) आणि सासऱ्यांनी वर्षानुवर्षं जमवलेले फॉन्ट.

सकाळी सुरू केल्यावर बराच वेळ काहीच हाताला लागत नाही. पेजमेकरमध्ये फॉन्टची यादी उघडली की डिस्क कुरकुरते आणि माउस जागच्या जागी थांबतो. एसएसडी (न फिरणारी, चिपवर फाइली ठेवणारी डिस्क) टाकायचं ठरवलंय. पण इथल्या दुकानदाराचं म्हणणं, "फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो." पेजमेकरची सीडी ओरखडे पडून वाचेनाशी झालीय, आणि फॉन्टपैकी निम्मे कुठून आले हे आता कुणालाच सांगता येणार नाही. फॉरमॅट न करता हे सगळं जसंच्या तसं एसएसडीवर जाईल का? कोणती एसएसडी घेऊ? रॅम मी स्वतः बसवलेली आहे, कॅबिनेट उघडायची भीती नाही. भीती फाइलींची आहे.

नवाकोरा_पीसी

ताई, एम.२ एनव्हीएमई (थेट मदरबोर्डवरच्या एम.२ खाचेत बसणारी एसएसडी) घ्या, केबलने जोडायच्या साध्या साटा एसएसडीपेक्षा पाच-सहा पट वेगवान असते. आणि त्याच हिशेबात विंडोज ११ करून टाका. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, १० चासुद्धा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला.

पाना_पक्कड_कोल्हापूर

ताई, तुमच्यासारख्या डीटीपीवाल्यांचेच संगणक मी दुरुस्त करतो, त्यामुळे सविस्तर लिहितो. वरच्या मित्राचा वेगाचा हिशेब बरोबर आहे, पण तो या मशीनला लागू नाही. एच८१ बोर्डांवर सहसा एम.२ चा खाचाच नसतो. कार्ड लावून एनव्हीएमई बसवली तरी त्या काळातला बायोस (संगणक चालू होताना आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) तिच्यावरून सुरू होत नाही, आणि विंडोज ७ मध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर मुळातून नाही. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, तुमचा चौथ्या पिढीचा आहे. तेव्हा २.५ इंची साटा एसएसडी घ्या. मशीन फक्त जुळणीला वापरा, इंटरनेटची केबल काढून ठेवा, ईमेल आणि व्हॉट्सअॅप दुसऱ्या संगणकावर.

साटा घेतली म्हणून वेगात काही हरवत नाही. तुमची डिस्क मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला सव्वाआठ मिलिसेकंद. हवी ती जागा डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, त्यावर डोकं सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. हिशेब केला तर सेकंदाला शंभरसुद्धा वेगवेगळ्या जागा वाचून होत नाहीत. आणि फॉन्टची यादी म्हणजे शेकडो बारीक फाइली, डिस्कभर विखुरलेल्या. एसएसडीला फिरायचंच नाही, ती सेकंदाला हजारो जागा वाचते. तुमचा माउस जिथे अडतो तिथेच फरक पडणार आहे.

आता खरेदी. नीट ५०० जीबी लिहिलेली घ्या, ४८० नको. ५०० जीबीच्या डिस्कवर जवळपास नेहमी ५००,१०७,८६२,०१६ बाइट असतात, ४८० वर त्याहून वीस जीबी कमी. क्लोनिंगचं (एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसरीवर उतरवणारं) सॉफ्टवेअर बऱ्याचदा छोट्या डिस्कवर उतरवायला सरळ नकार देतं, मग पार्टिशन (डिस्कचे भाग) आकसत बसावं लागतं. नावाजलेल्या कंपनीची घ्या, बिल घ्या. अगदी स्वस्तात मिळणाऱ्या बिननावाच्या एसएसडीवर लिहिलेली क्षमता आत असतेच असं नाही. सॅमसंग ८७० इव्होच्या ५०० जीबीला ३०० टीबी लिखाणाची किंवा पाच वर्षांची हमी आहे. रोज ५० जीबी लिहिलंत तरी ३०० टीबी व्हायला सोळा वर्षं लागतील, आणि पत्रिका जुळवताना रोज ५० जीबी कुणी लिहीत नाही.

फॉरमॅट अजिबात करू देऊ नका. क्लोन केला की विंडोज, पेजमेकर, फॉन्ट, चित्रांचे पाथ, सगळं त्याच जागी राहतं. श्रीलिपीचं कुलूप डोंगलमध्ये आहे, डिस्कमध्ये नाही, त्यामुळे तिला काही कळणारही नाही. एखादं सॉफ्टवेअर डिस्कचा स्वतःचा क्रमांक तपासत असेल तर तेवढं पुन्हा नोंदवायला लागेल.

पण त्याआधी दोन गोष्टी बघून इथे सांगा. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि ०५, सी५, सी६ या खराब जागा मोजणाऱ्या ओळींपुढचा आकडा वाचा. आणि बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) जुना आयडीई आहे की नवा एएचसीआय ते बघा, बदलू मात्र नका. हे कळल्याशिवाय पुढचं सांगणं बरोबर नाही.

जुळारी_मिरज

दादा, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. बघितलं. वर पिवळं 'कॉशन' दिसतंय. ०५ ला ०, सी५ ला ८, सी६ ला ०. बायोसमध्ये आयडीई आहे. कॅबिनेट उघडलं तेव्हा एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) जाळीवर कागदाच्या धुळीचा पांढरा थर, लुगद्यासारखा, नखाने सोलून निघाला. एसएमपीएसला साटाची पॉवर पिन एकच शिल्लक आहे, तीसुद्धा पार तळाशी. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं साधन) चालवू का?

पाना_पक्कड_कोल्हापूर

नाही! जुन्या डिस्कवर चेकडिस्क नको. सी५ म्हणजे डिस्कला वाचता न आलेले, पण अजून बाद न ठरवलेले सेक्टर (डिस्कवरचे बारीक कप्पे). अशा डिस्ककडून जेवढं कमी काम करून घ्याल तेवढं चांगलं. चेकडिस्क तिला टोकापासून टोकापर्यंत पळवतं आणि वर दुरुस्ती म्हणून तिच्यावरच लिहितं.

आजच, नवी एसएसडी यायची वाट न बघता, बाहेरच्या यूएसबी डिस्कवर आधी विंडोजचा फॉन्ट्स फोल्डर, मग चालू दिवाळी अंक, मग अहवाल, मग बाकीचं, या क्रमाने कॉपी करा. एखाद्या फाइलवर कॉपी अडली तर ती वगळून पुढे जा आणि तिचं नाव वहीत लिहून ठेवा.

एसएसडी आली की दुसऱ्या संगणकावर क्लोनझिलाचा (क्लोन करायच्या सॉफ्टवेअरचा) पेनड्राइव्ह करून घ्या. दोन्ही डिस्क जोडून त्यावरून सुरू करा, बाहेरची यूएसबी डिस्क मात्र काढून ठेवा. डिस्क ते डिस्क निवडा. नेहमीच्या मोडमध्ये खराब सेक्टर आला की ते थांबतं, म्हणून एक्स्पर्ट मोड घ्या आणि त्यात रेस्क्यूच्या पर्यायावर खूण करा. ते आधी मूळ डिस्क विचारतं, मग जिच्यावर लिहायचं ती. दोघींचा आकार सारखाच दिसणार, त्यामुळे एसडीए-एसडीबी या क्लोनझिलात दिसणाऱ्या डिस्कच्या नावांवर विसंबू नका. कंपनीचं नाव आणि मॉडेल वाचूनच एंटर दाबा. इथे उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि ते परत आणायला माझ्याकडेही काही इलाज नाही. मशीन यूपीएसवर असू द्या, बॅटरी दमलेली असेल तर कुणाची तरी मागून आणा. लाइटचा भरवसा तुम्हाला माहीतच आहे.

क्लोन झाला की बंद करा, प्लग काढा, जुनी डिस्क सोडवा आणि पहिल्यांदा एकट्या एसएसडीवर सुरू करा. हे महत्त्वाचं, कारण दोन्हींची सही (विंडोज डिस्क ओळखतं तो क्रमांक) आता एकच आहे. एकत्र दिसल्या तर विंडोज एकीला ऑफलाइन करतं किंवा जुनीवरूनच सुरू होतं, आणि माणूस म्हणतो एसएसडीने काहीच फरक पडला नाही. सुरू झाली की चेकडिस्क आता एसएसडीवर चालवा.

एएचसीआय सगळ्यात शेवटी. बायोसमध्ये नुसतं बदललंत तर विंडोज ७ निळा पडदा दाखवून परत फिरेल. आधी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) सर्व्हिसेसमध्ये एमएसएएचसीआय शोधा, त्यात 'स्टार्ट' समोर ३ असेल ते ० करा, बंद करा, मग बायोस बदला. पुढच्या वेळी ते स्वतः ड्रायव्हर बसवून एकदा रीस्टार्ट मागेल.

बोर्डावर साटाचे चार पोर्ट असतील तर त्यातले दोनच सेकंदाला ६ गिगाबिट वेगाचे आहेत, बाकीचे ३ चे. एसएसडी ६ च्या पोर्टावर लावा. पोर्टशेजारी बारीक अक्षरात ६जी छापलेलं असतं, बॅटरी मारून वाचा. बऱ्याचदा त्यावर डीव्हीडी बसलेली असते. तिला ३ च्या पोर्टावर पाठवा.

अहवालछपाई_नाशिक

पॉवर पिनबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे एक कनेक्टर वितळलेला आहे. मोलेक्सवरून (एसएमपीएसच्या जुन्या, मोठ्या चार पिनांच्या पॉवर कनेक्टरवरून) साटा करणारी पट्टी बाजारात मिळते. तिचं डोकं साच्यात ओतलेलं, अखंड प्लास्टिकचं असेल तर घेऊ नका, त्यात तारा आतल्या आत एकमेकींना टेकून जळतात. तारा मागून एकेक खोचलेल्या दिसतात ती घ्या. किंवा डीव्हीडीची पिन काढून एसएसडीला लावा, हल्ली डीव्हीडी लागते किती?

आणि ताई, पेजमेकर चालू आहे तोवर जुन्या अंकांच्या पीडीएफ करून ठेवा, फॉन्ट आत एम्बेड करून. त्या जुन्या फॉन्टांमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते.

जुळारी_मिरज

झालं सगळं! रविवारी दुकान बंद ठेवून बसले. कॉपी करताना एकच फाइल अडली, एका पतसंस्थेच्या जुन्या अहवालाचं मुखपृष्ठ. त्यांच्याकडे छापील प्रत आहे, स्कॅन करून घेईन. दिवाळी अंक पूर्ण आला. चेकडिस्कने एसएसडीवर काही बारीक दुरुस्ती केली, त्यानंतर फॉन्टची यादी बोट उचलायच्या आत उघडते. एएचसीआयही तुम्ही सांगितलं तसंच झालं. डीव्हीडीची पिन एसएसडीला दिली.

एसएसडी बसवायला २.५ इंची जागा कॅबिनेटमध्ये नव्हती. साडेतीन इंचीचं पत्र्याचं ब्रॅकेट आणलं, पण त्याबरोबर आलेले स्क्रू हार्ड डिस्कचे जाड स्क्रू निघाले, आट्यात बसेनात. जोर न लावता बारीक स्क्रू वेगळे आणले. जुनी हार्ड डिस्क पुसून फाइलींच्या गोदामाला वापरू का?

पाना_पक्कड_कोल्हापूर

जोर लावला नाहीत हे उत्तम. एसएसडीच्या भोकांना एम३ चे स्क्रू लागतात, हार्ड डिस्कचे त्याहून जाड असतात. ते कोंबले की आटे जातात.

जुनी डिस्क पुसू नका आणि वापरूही नका. तारीख लिहून कपाटात ठेवा, निदान दिवाळी अंक छापून हातात येईपर्यंत. काही राहिलंय असं लक्षात आलं तर तीच एक जागा आहे. गोदाम, म्हणजे फाइलींची जादा प्रत, मात्र वेगळ्या नव्या डिस्कवर करा, आणि ते रोज. हार्ड डिस्क कुरकुरून आधी सांगते तरी, एसएसडी बहुतेक वेळा न सांगता एका सकाळी दिसेनाशी होते.

एक राहिलं. क्लोनबरोबर डीफ्रॅगचं (डिस्कवर विखुरलेल्या फाइली एकत्र आणण्याचं) जुनं वेळापत्रकही आलं असणार, विंडोज ७ मध्ये ते बुधवारी रात्री एकला लागलेलं असतं. डिस्क डीफ्रॅगमेंटर उघडून ते बंद करा, एसएसडीला त्याचा उपयोग नाही आणि लिखाण फुकट वाढतं. मग कंट्रोल पॅनेलमध्ये परफॉर्मन्स इन्फर्मेशनमध्ये जाऊन गुणांकन पुन्हा चालवा, म्हणजे विंडोजला ही एसएसडी आहे हे कळेल. डिस्कचा गुण सातच्या वर आला नाही तर केबल ३ गिगाबिटच्या पोर्टात आहे का ते बघा आणि इथे लिहा.