चर्चा: नेपाळचे पक्षी म्हणे फोटोवाल्यांनी वाचवले!

रानवाटा: काल इथे एकाने ठोकून दिलं, ‘नेपाळच्या पक्ष्यांची खरी नोंद कॅमेरेवाल्यांनी केली, जुन्या साहेबांनी नुसती कातडी विलायतेला नेली.’ प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा. ब्रायन हॉजसन हा पक्षी-अभ्यासक इंग्रज १८४३पर्यंत काठमांडूत रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा वकील, होता. राजमान सिंगसारख्या नेपाळी चितार्‍यांकडून त्याने पक्ष्यांची शेकडो चित्रं करून घेतली. नेपाळबाहेर कुठेच न सापडणारा काँडे भ्याकुर पक्षी जगापुढे आणला तोही त्यानेच. पुढे शंभरेक वर्षं तो अभ्यासकांना दिसलाच नाही, १९४०च्या दशकाअखेर रिप्ले या अमेरिकी पक्षीतज्ज्ञाला मिळाला. तेव्हा तुमची लेन्स कुठे होती?

सहाशेएमएम: ते विधान माझंच, आणि मागे घेत नाही. रिप्लेनेही मारूनच मिळवला ना? आज काठमांडूजवळच्या फुलचोकी डोंगराच्या पायथ्याला, गोदावरीत, कुणीही जातं आणि फोटो, जागा, वेळ ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर टाकतं. एक पीसही न उपटता.

नाशिककर: गोदावरी नाव ऐकून मीही हौसेने गेलो होतो. झुडपात चौघांनी स्पीकर ठेवून त्याचंच गाणं लावलेलं. भ्याकुर चोचीत अळी धरून या काटकीवरून त्या काटकीवर. घरट्याकडे जाईना, अळी गिळेना. अर्धा तास! हे तुमचं पीस न उपटणं.

सहाशेएमएम: पक्षी पुढे यावा म्हणून कॉल सगळेच लावतात. आमचा तर गाइडच लावतो.

नाशिककर: ‘सगळेच’ म्हणजे कोण? मी नाही लावत.

माळरान: अहो, नेपाळ राहू द्या. आमच्या सोलापूरकडे धाविक पक्ष्याच्या मागे गाड्या गवतात घालतात. हटकलं की म्हणतात, ‘काका, आम्ही संवर्धनवाले.’

सहाशेएमएम: सरसकट सगळ्यांना झोडपायचं असेल तर मी निघतो. सुट्टी घालवून, पदरचे पैसे मोडून नोंदी करतो आम्ही.

रानवाटा: लाइक्सही पदरचेच का?

ढोरडॉक्टर: स्पीकरवरून डोकी फोडा. गिधाडं गेली ती डायक्लोफेनॅकने, जनावरांच्या दुखण्यावरच्या औषधाने. मी स्वतः टोचलंय ते. गाय दुसर्‍या दिवशी उभी राहायची, शेतकरी खूश, मीही खूश. तीच गाय मेल्यावर तिचं मांस खाणार्‍या गिधाडांचं काय होतंय, याचा पत्ताच नव्हता. मूत्रपिंडं निकामी झाल्याचं फोटोत दिसत नाही, त्यासाठी मेलेली गिधाडं फाडावी लागली. नेपाळने आणि आपण २००६ साली जनावरांसाठी ते बंद केलं. तिकडे चितवनजवळ पिठौलीत म्हातार्‍या गायी मरेपर्यंत सांभाळतात आणि औषधाचा अंश नसलेलं मढं गिधाडांना घालतात. त्या शेणात हात घालणार्‍यांचं नाव या धाग्यात कुणी घेतलं?

माळरान: डॉक्टर, पटलं. पण त्या गाड्यांचं काय?

सहाशेएमएम: बरं बाबा, वाचवले डॉक्टरांनी, चितार्‍यांनी आणि गायींनी. आम्ही नुसतेच फिरलो. पुढच्या खेपेला स्पीकर घरी ठेवतो. पक्षी नाही दिसला तर गाइडचे पैसे नाशिककरांनी द्यावेत.

नाशिककर: देतो. न दिसल्याची नोंदही टाका मात्र.