मदत हवी आहे: पदोन्नतीनंतरची वेतननिश्चिती, विकल्प दिल्यावर पुढची वेतनवाढ कधी?

सार्वजनिक बांधकाम विभाग, राज्य महामार्गाचं काम पाहणारा उपविभाग. सातव्या वेतन आयोगात एस-14 या वेतनस्तरातून एस-15 मध्ये नियमित पदोन्नती (पदोन्नतीविना वरचा स्तर देणारी आश्वासित प्रगती योजना नव्हे), रुजू 16 मे 2025. तेव्हाचं मूळ वेतन 46,100, वेतनवाढीची तारीख 1 जुलै.

पदोन्नतीच्या दिवसापासून निश्चिती केली तर एस-14 मध्ये एक वाढ, म्हणजे 47,500. एस-15 मध्ये त्यावरचा टप्पा 48,500. इथे अडचण नाही.

मात्र निश्चिती पदोन्नतीच्या दिवसाऐवजी वेतनवाढीच्या तारखेपासून, म्हणजे 1 जुलैपासून व्हावी, असा विकल्प मुदतीत दिला आहे. त्यानुसार 16 मेपासून एस-15 मधला 46,100 च्या वरचा टप्पा 47,100, मग 1 जुलैला जुन्या स्तरात दोन वाढी (47,500, 48,900) आणि एस-15 मध्ये 50,000. टप्पे वेतन मॅट्रिक्सवरून पुन्हा तपासलेत, विकल्पाची नोंद सेवापुस्तकात आहे.

अडलंय ते पुढे. आस्थापना शाखा म्हणते पुढची वाढ 1 जुलै 2026. लेखा शाखेच्या मते 1 जुलैच्या निश्चितीपासून सहा महिने भरतात, म्हणून 1 जानेवारी 2026. सेवार्थ या वेतन देयकांच्या संगणक प्रणालीत चुकीची तारीख गेली तर वेतन पडताळणीत वसुली निघेल, म्हणून तोंडी मतावर थांबायचं नाही.

अशा प्रकरणात वेतननिश्चिती तपासणाऱ्या पडताळणी पथकानं कुठली तारीख मान्य केली, आणि कोणत्या शासन निर्णयाच्या आधारे?