फ्रीबीएसडी १३ वरून १४ वर जाताना पोर्ट्समधून बांधलेले एफएफएमपेग कसे टिकवावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. व्याख्यानांच्या ध्वनिमुद्रणांवर प्रक्रिया करणारा एक सर्व्हर फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीच्या आवृत्ती १३ वरून १४ वर न्यायचा आहे. त्यावरील बाकी सगळी पॅकेजेस अधिकृत तिमाही रिपॉझिटरीतून (दर तिमाहीला नवी शाखा निघणाऱ्या तयार पॅकेजांच्या साठ्यातून) घेतलेली आहेत. एफएफएमपेग (ध्वनी-चित्रफितींचे रूपांतर करणारे साधन) तेवढे पोर्ट्समधून, म्हणजे मूळ कोडवरून हवे ते पर्याय निवडून, कंपाइल केले आहे, कारण मला त्यात एफडीके-एएसी हा एएसी ध्वनीसाठीचा एन्कोडर हवा असतो आणि जीपीएल परवान्याच्या घटकांसह तो जोडलेली बायनरी परवान्यामुळे वाटता येत नसल्याने तयार पॅकेजमध्ये तो मिळत नाही.

पॅकेजेस अद्ययावत करणारी 'पीकेजी अपग्रेड' ही आज्ञा चालवली की एफएफएमपेगपुढे 'ऑप्शन्स चेंज्ड' असा शेरा येतो आणि होकार दिल्यास माझ्या पॅकेजच्या जागी तयार पॅकेज बसते. म्हणून आजवर पॅकेज आहे तसे गोठवणारे 'पीकेजी लॉक' वापरत आलो. परंतु लॉकचा परिणाम एका पॅकेजपुरता राहत नाही. एफएफएमपेग ज्यांच्यावर अवलंबून आहे ती पॅकेजेसही अद्ययावत होत नाहीत, मग एक्स२६५ (व्हिडिओ एन्कोड करणारी लायब्ररी) जुनेच राहते आणि नवे एक्स२६५ मागणारी इतर पॅकेजेसही खोळंबतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या अशा अडकून राहणे मला मुळीच मान्य नाही.

१४ वर जाताना तर लॉकचा उपयोगच नाही. एबीआय (बायनरी आणि प्रणाली यांच्यातील सुसंगततेचा करार) बदलत असल्याने सगळी पॅकेजेस पुन्हा बसवावी लागतात. शिवाय मूळ प्रणालीतील ओपनएसएसएल (कूटलेखनाचा संच) १.१.१ वरून ३.० वर गेल्यामुळे त्यातील लिबक्रिप्टो या लायब्ररीचा क्रमांक १११ ऐवजी ३० झाला आहे. प्रणाली अद्ययावत करणारी 'फ्रीबीएसडी-अपडेट इन्स्टॉल' ही आज्ञा शेवटच्या वेळी चालवल्यावर जुनी लायब्ररी निघून जाईल आणि ओपनएसएसएलचा पर्याय घेऊन बांधलेले माझे एफएफएमपेग सुरूच होणार नाही.

त्यामुळे पुद्रिएरमध्ये (पोर्ट्समधून स्वतःची पॅकेजेस बांधणाऱ्या साधनात) एफएफएमपेग तेवढे बांधावे, त्याला लागणारी इतर पॅकेजेस अधिकृत रिपॉझिटरीतून तयार उचलावीत आणि स्वतःच्या रिपॉझिटरीला वरचा अग्रक्रम द्यावा, असा विचार आहे. पोर्ट्स 'मेन' शाखेचे न घेता चालू तिमाही शाखेचेच घेईन, म्हणजे लायब्ररींच्या आवृत्त्या जुळतील.

दोन गोष्टींवर जाणकारांचे मत हवे आहे. अधिकृत रिपॉझिटरीत एफएफएमपेगची आवृत्ती माझ्यापेक्षा पुढे गेली, तर अग्रक्रम आणि 'कन्झर्व्हेटिव्ह अपग्रेड' ही (पॅकेज मुळात जिथून बसवले त्याच रिपॉझिटरीला शक्यतो प्राधान्य देणारी) पीकेजीची सेटिंग मिळून माझे पॅकेज राखतील का? दुसरे असे, की १३ च्या कर्नलवर (प्रणालीच्या गाभ्यावर) १४ चा जेल (पुद्रिएर ज्यात पॅकेज बांधते ते वेगळे ठेवलेले वातावरण) चालवणे योग्य नसल्याने हे पॅकेज आधी दुसऱ्या, १४ असलेल्या यंत्रावर बांधून ठेवावे, की याच सर्व्हरवर नव्या कर्नलने रीबूट केल्यानंतर आणि जुन्या लायब्ररी काढण्यापूर्वी बांधावे? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी आपला क्रम कृपया सविस्तर लिहावा.