मदत हवी आहे: कमोडोर १५४१-टू मध्ये नवा रॉम बसवल्यावर दिवा विझत नाही, मोटर थांबत नाही

गोदाकाठ

कमोडोर ६४ चे दोन फ्लॉपी ड्राइव्ह आहेत. एक १५४१-टू, जर्मनीतून आलेला, बाहेरच्या ॲडॅप्टरवर चालणारा. दुसरा जुना १५४१, लांब बोर्डाचा, अमेरिकेतला, ट्रान्सफॉर्मर पेटीतच. दोन्हींचं फर्मवेअर (रॉम चिपमधला कायमचा प्रोग्रॅम) बदलायचं आहे. सुरुवात १५४१-टू पासून केली आणि तिथेच गाडी अडली.

केलं ते असं: मूळ रॉम (वर २५१९६८-०३ छापलंय) सॉकेटमध्येच होता, तो काढला. जिफीडॉसची (लोड जलद करणारं बदली फर्मवेअर) परवान्यासह विकत घेतलेली १६,३८४ बाइटांची फाइल टीएल८६६-टू प्लस या चिप-प्रोग्रॅमरवर २७सी२५६ ईप्रॉममध्ये (पुसून पुन्हा लिहिता येणारी रॉम चिप) बर्न केली. व्हेरिफाय बिनचूक. चिपची खाच सॉकेटच्या खाचेकडेच आहे, पाय वाकलेले नाहीत.

सुरू केल्यावर कामाचा दिवा लागतो, मोटर फिरते आणि दोन्ही तशीच चालू राहतात. दिवा लुकलुकत नाही, सलग पेटलेला असतो. जुना रॉम परत लावला की ड्राइव्ह ठणठणीत. पाय २८ आणि १४ मध्ये ५.०२ व्होल्ट मिळतात.

१) ईप्रॉम खराब की फाइल?
२) जुना आणि नवा असे दोन्ही रॉम स्विचवर ठेवता येतील का?
३) जुन्या १५४१ मधला रॉम २४ पायांचा आहे, त्यात ९०१२२९-०३ च्या जागी -०५ टाकायचा आहे. २७६४ ईप्रॉम तर २८ पायांचा. कसं जमवायचं?

अठ्ठावीस_पाय

ईप्रॉम बहुधा चांगला आहे आणि फाइलही. २७सी२५६ हा ३२ किलोबाइटांचा, तुमची फाइल १६ ची. प्रोग्रॅमरने ती खालच्या अर्ध्यात टाकली आणि वरचा अर्धा कोरा राहिला, म्हणजे सगळे बाइट एफएफ (हेक्समध्ये, कोऱ्या जागेची खूण). त्या सॉकेटला १६ किलोबाइटांचा २७१२८ अपेक्षित आहे. २७१२८ मध्ये पाय २७ हा प्रोग्रॅमिंगचा असतो आणि वाचताना तो ५ व्होल्टवर धरतात. तोच पाय २७सी२५६ मध्ये ए१४ ही पत्त्याची ओळ आहे. ती कायम वर, म्हणजे ड्राइव्ह फक्त वरचा अर्धा वाचतोय. व्हेरिफाय बिनचूक येणारच, कारण प्रोग्रॅमर पूर्ण चिप स्वतःच्या बफरशी ताडून बघतो आणि बफरमध्येही वर एफएफच आहेत.

लक्षणंही त्याच्याशी जुळतात. वीज आल्यावर ड्राइव्हमधल्या ६५२२ या इनपुट-आउटपुट चिपांचे पोर्ट इनपुट असतात, त्यांच्या ओळी वर राहतात, म्हणून मोटर आणि दिवा कुणी न सांगता सुरू होतात. ते बंद करणं हे रॉममधल्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. प्रोसेसरला रॉमऐवजी एफएफ मिळाले की तो तिथवर पोचतच नाही.

आधी मल्टीमीटरने रिकाम्या सॉकेटचा पाय २७ तपासा. ५ व्होल्टच्या आसपास असेल तर वरचं सगळं लागू. मग तीच फाइल चिपमध्ये दोनदा बर्न करा, एक प्रत ० पासून आणि दुसरी ४००० हेक्सपासून. प्रोग्रॅमरच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्यांदा लोड करताना 'बफर साफ करा' हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर पहिली प्रत पुसली जाते. त्यापेक्षा पीसीवरच फाइल स्वतःलाच जोडून ३२,७६८ बाइटांची करून घ्या. हाताशी डब्ल्यू२७सी५१२ (६४ किलोबाइटांचा) असेल तर चार प्रती, ६५,५३६ बाइट.

टिपकागद

फाइल तपासायची सोपी खूण: मूळ रॉमच्या फाइलीत शेवटच्या चार बाइटांतले पहिले दोन ए० आणि ईए असतात. तो रीसेट व्हेक्टर, म्हणजे सुरू होताना प्रोसेसरला ईएए० या पत्त्याकडे नेणारा. फाइल १६,३८६ बाइटांची दिसली तर ती कमोडोरच्या बाजूने सेव्ह केलेली आहे आणि सुरुवातीला लोड पत्त्याचे दोन बाइट चिकटलेले आहेत. ते काढल्याशिवाय बर्न केलं की सगळा रॉम दोन घरं सरकतो आणि नेमकी हीच लक्षणं येतात. तुमची १६,३८४ ची आहे, म्हणजे ती भानगड नाही.

पण नव्या प्रतिमेवर (रॉमच्या फाइलीवर) झटापट करण्याआधी मूळ २५१९६८-०३ प्रोग्रॅमरमध्ये २७१२८ म्हणून वाचा आणि त्याचीच प्रत दोनदा बर्न करून लावा. ती चालली तर चिप, सॉकेट आणि पद्धत तिन्ही ठीक. न चालली तर जिफीडॉसवर खापर फोडायचं कारण नाही.

मूळ रॉम सुरू होताना स्वतःची चाचणीही घेतो. दिवा एकदा लुकलुकून थांबत असेल तर झीरो पेज (रॅमचे पहिले २५६ बाइट), दोनदा किंवा तीनदा असेल तर रॉमचा एक ना एक अर्धा, चारदा असेल तर रॅम. जुन्या १५४१ मध्ये रॉमचे ते दोन अर्धे दोन वेगळ्या चिपांत असतात, १५४१-टू मध्ये एकाच. सलग पेटलेला दिवा हा या चाचणीचा निकाल नव्हे, चाचणीपर्यंत गाडी गेलीच नाही एवढाच त्याचा अर्थ.

बिनपंख्याचा

एवढ्या उठाठेवीपेक्षा २८सी२५६ ईईप्रॉम घ्या ना, पुसायला अतिनील दिवा लागत नाही.

अठ्ठावीस_पाय

चालतो, पण पाय बघून. २८सी२५६ मध्ये ए१४ पाय १ वर आहे आणि २७ वर राइट एनेबल. या सॉकेटमध्ये १ आणि २७ दोन्ही वर असतील तर निभावून जातं. पुढे स्विच लावायचा झाला तर तो पाय १ ला लागतो, २७ ला नाही. आणि १५७१ या कमोडोरच्याच दुसऱ्या ड्राइव्हमध्ये ३२ किलोबाइटांचा रॉम असल्यामुळे पाय २७ वर खरी पत्त्याची ओळ नाचत असते, तिथे हा थेट बसवायचाच नाही. दिव्याशिवाय पुसायचं असेल तर डब्ल्यू२७सी५१२ बरा, त्याची पायांची मांडणी २७ मालिकेचीच आहे. खिडकीवाला २७सी२५६ पुसायचा तर २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील दिवा, साधारण १५ ते २० मिनिटं. नेलपॉलिश वाळवायच्या दिव्याने होत नाही, त्याची तरंगलांबी वेगळी. बर्न झाल्यावर खिडकीवर अपारदर्शक स्टिकर लावा.

सोल्डरगन

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: होय, आणि २७सी२५६ घेतल्याचा फायदा इथेच आहे. खालच्या अर्ध्यात मूळ २५१९६८-०३, वरच्या अर्ध्यात जिफीडॉस. ईप्रॉमचा पाय २७ अलगद बाहेर वाकवा, म्हणजे तो सॉकेटमध्ये जाणार नाही. त्या पायापासून पाय २८ ला १० किलोओहमचा रेझिस्टर, आणि त्याच पायापासून एक साधा टॉगल स्विच पाय १४ म्हणजे ग्राउंडला. स्विच उघडा असताना वरचा अर्धा, बंद केला की खालचा. रेझिस्टर गाळू नका. स्विच उघडा असताना ए१४ लोंबकळत राहिला तर ड्राइव्ह कधी या रॉमचा, कधी त्या रॉमचा बाइट वाचतो, आणि तो दोष शोधताना माणूस वेडा होतो.

स्विच ड्राइव्ह बंद असतानाच फिरवायचा. चालू असताना फिरवला तर प्रोसेसर एका प्रोग्रॅमच्या मध्यातून दुसऱ्याच्या मध्यात पडतो. डिस्क आत असेल तर जास्तच वाईट.

वेगाची काळजी नको. प्रोसेसर १ मेगाहर्ट्झचा, २५० नॅनोसेकंदांचा ईप्रॉमही पुरून उरतो.

टिपकागद

आता जुना १५४१. त्यात रॉम दोन, दोन्ही २४ पायांचे, ८-८ किलोबाइटांचे. ३२५३०२-०१ खालचा अर्धा, ९०१२२९ वरचा. -०३ वरून -०५ वर जाताना फक्त ९०१२२९ बदलायचा, दुसरा आहे तोच राहतो. दोन चिपा दिसायला सारख्या आहेत, काढण्याआधी फोटो घ्या. अदलाबदल झाली तर ड्राइव्ह मेल्यासारखा वागतो.

२३६४ (मूळ रॉमचा प्रकार) च्या २४ पायांच्या सॉकेटवर २८ पायांचा २७६४ बसवायचा तर मधे एक ॲडॅप्टर करावा लागतो. २७६४ चे पाय ३ ते २६ सॉकेटच्या १ ते २४ वर येतील असा धरा, बाकी चार पाय सॉकेटच्या बाहेर लोंबतात. मग:

सॉकेट १८ (ए११) ईप्रॉमच्या २३ ला.
सॉकेट २१ (ए१२) ईप्रॉमच्या २ ला.
सॉकेट २० (चिप सिलेक्ट) ईप्रॉमच्या २० आणि २२ या दोन्हींना.
सॉकेट २४ (५ व्होल्ट) ईप्रॉमच्या १, २७ आणि २८ ला.

बाकी सगळे सरळ. म्हणजे ईप्रॉमचे २० आणि २३ हे पाय खालच्या सॉकेटला थेट लागता कामा नयेत, तिथेच वायर ओलांडतात. २२ मात्र सरळच येतो, त्यालाच २० जोडायचा. दोन सॉकेट एकावर एक ठेवून बारीक वायरने हे होतं, तयार ॲडॅप्टर बोर्डही मिळतात. हाच ॲडॅप्टर जुन्या कमोडोर ६४ च्या कर्नल रॉमलाही (संगणकाचं मूळ फर्मवेअर, ९०१२२७-०३) लागतो, तेव्हा करतच असाल तर दोन करा.

ईप्रॉम विकत घेताना अक्षरं वाचा. साधा जुना २७६४ बर्न करायला २१ व्होल्ट लागतात, आणि टीएल८६६-टू प्लस १८ च्या वर जात नाही. २७सी६४ किंवा २७६४ए घ्या, त्यांना बहुधा १२.५ पुरतात. एमसीएम६८७६४ हा २४ पायांचा ईप्रॉम ॲडॅप्टरशिवाय थेट बसतो म्हणून मोह होतो, पण त्याला २५ व्होल्ट हवेत, तुमच्या प्रोग्रॅमरचं ते काम नाही.

बिनपंख्याचा

आणि तो अमेरिकेतला १५४१ आहे, हे विसरू नका. मागची पाटी वाचा, ११७ व्होल्ट असेल तर आपल्या २३० मध्ये थेट लावला की आतला ट्रान्सफॉर्मर गेला. १०० व्हीएचा उतरवणारा ट्रान्सफॉर्मर भरपूर होतो. ६० हर्ट्झसाठी केलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जरा जास्त तापतो, तेव्हा पेटीवर कागदपत्रं रचू नका, वरच्या फटी उघड्या ठेवा. चकतीच्या वेगाला याने फरक पडत नाही, मोटर डीसीवर चालते आणि वेग ३०० फेऱ्यांचाच राहतो. वेग तपासायला खालच्या पुलीवर रेघांची दोन वर्तुळं असतात, आपल्याकडे ५० वालं बघायचं, आणि साध्या चोकच्या ट्यूबखाली. एलईडीखाली भरवसा नाही.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. सॉकेटच्या पाय २७ वर ४.९ व्होल्ट आहेत. मूळ रॉमची प्रत दोनदा बर्न केली, ड्राइव्ह नेहमीसारखा सुरू झाला, साधारण सेकंदभरात दिवा विझला. मग जिफीडॉस दोनदा, तोही चालतोय. पण दोन गोष्टी कळल्या नाहीत. लोड होण्याचा वेग आधीएवढाच आहे. आणि नवा रॉमच चालू आहे हे संगणकावरून कसं तपासायचं?

टिपकागद

वेगासाठी दोन्ही टोकांना जिफीडॉस हवा, ड्राइव्हमध्ये आणि संगणकाच्या कर्नलमध्ये. एकाच बाजूला असेल तर ड्राइव्ह निमूटपणे जुन्या चालीवर येतो, सेकंदाला साधारण ४०० बाइट. २०० ब्लॉकांची फाइल दोन मिनिटं घेते ती यामुळेच. कर्नलचा रॉम जुन्या कमोडोर ६४ मध्ये ८ किलोबाइटांचा वेगळा असतो. ६४सी च्या नंतरच्या बोर्डांवर बेसिक आणि कर्नल मिळून एकच १६ चा असतो, २५१९१३-०१. तिथे प्रतिमा जोडून करावी लागते, आधी बेसिक, मग जिफीडॉसचा कर्नल. जिफीडॉसच्या कर्नलमध्ये कॅसेटची रूटीन काढून टाकलेली आहेत, म्हणून डेटासेट (कमोडोरचा कॅसेट रेकॉर्डर) वापरत असाल तर संगणकातही स्विच ठेवा.

आवृत्ती बघायला: १५ नंबरच्या कमांड चॅनेलवर ड्राइव्ह ८ ला 'यूआय' पाठवा आणि त्याच चॅनेलवरून उत्तर वाचा. इनपुट-हॅश थेट टाइप केलं तर 'इल्लीगल डायरेक्ट' येतं, ओळींना क्रमांक देऊन छोटा प्रोग्रॅम लिहावा लागतो. मूळ रॉम ७३ या क्रमांकासोबत 'सीबीएम डॉस व्ही२.६ १५४१' असं सांगतो, नव्या रॉमवर त्या जागी जिफीडॉसचं नाव यायला हवं. ही युक्ती जुन्या ड्राइव्हवर मात्र उपयोगाची नाही. ९०१२२९-०३ आणि -०५ दोन्ही हेच वाक्य बोलतात, तिथे चिपवरचा छापील क्रमांक बघायचा किंवा रॉम वाचून फाइली ताडायच्या.

सोल्डरगन

माझं मत विचाराल तर -०३ वरून -०५ साठी एवढा खटाटोप करू नका. जुनी चिप मरत असेल, किंवा नाही तरी तिथे जिफीडॉस टाकणारच असाल, तर ठीक. डिस्क वाचताना चुका येतात म्हणून रॉम बदलत असाल तर आधी हेड आयसोप्रोपिलने पुसा, रूळ साफ करा, मग अलाइनमेंट बघा. फर्मवेअर बदलून हेड जागेवर येत नाही.

गोदाकाठ

चुका नाहीत, नुसती हौस होती. मग जुन्याला हात लावत नाही, कर्नलचं बघतो. माझ्याकडे फास्टलोड कार्ट्रिज आहे, ते जिफीडॉससोबत चालेल का?

अठ्ठावीस_पाय

दोन्ही एकदम नको. अशी कार्ट्रिजं ड्राइव्हच्या २ किलोबाइट रॅममध्ये आपला प्रोग्रॅम पाठवतात आणि तो मूळ रॉममधल्या ठरावीक पत्त्यांवर उड्या मारतो. तिथे दुसरंच काही असेल तर ड्राइव्ह लटकतो. स्वतःचा लोडर घेऊन येणाऱ्या काही गेमांचंही तेच. त्यांच्यासाठी ड्राइव्ह बंद करून स्विच खालच्या अर्ध्यावर टाकायचा आणि मग पुन्हा चालू करायचा.